पान न टाकणारे कुंपण

'ऑटम' या शब्दाला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न मी गेली वीस वर्षे वर्गात टाळत आलो आहे. कोशात 'शरद' दिलेला असतो. मुलेही 'शरद' लिहून मोकळी होतात आणि मी त्यांना गुण देऊन मोकळा होतो. पण आत कुठेतरी खडा टोचत राहतो. आपला शरद म्हणजे धुऊन निघालेले आभाळ, भाताच्या भरलेल्या लोंब्या, आटीव दूध आणि त्यात पडलेला चंद्र. या ऋतूत आपल्याकडे कुणी पाने गाळीत नाही. आपली पानगळ शिशिरातली, आणि तीही थंडीच्या भीतीने नव्हे, तर पुढच्या कोरड्या महिन्यांच्या धास्तीने. साग उघडा होतो, पळस उघडा होतो. आणि रंग म्हणाल तर तो जाणाऱ्या पानांपेक्षा येणाऱ्यांनाच अधिक. कोशिंबाची लालभडक पालवी, पिंपळाची तांबूस, लुसलुशीत. जाता जाता रंगून जायचे, ही चाल आमच्यात मुख्यतः देशी बदामाची. पण शाळेच्या आवारात पडलेल्या त्या लाल पानाकडे बदाम फोडणाऱ्या मुलांचे लक्ष नसते.

हा खडा निघाला तो २०२३ सालच्या ऑक्टोबरात, स्कॉटलंडमधल्या डंडी गावी. तो काढला एका कुंपणाने.

माझी भाची तिथे डॉक्टर आहे. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, साताऱ्याच्या घरात एकटी राहते. आमचे भाऊजी २०२२च्या आषाढात गेले. वर्ष उलटले तरी ताई घराबाहेर पडेना. लग्नकार्याला नाही, माहेरी नाही, शेजारच्या हळदीकुंकवाला तर नाहीच. शेवटी भाचीने मला फोनवर फर्मावले, "मामा, तू तिला घेऊन ये. एकटी ती यायची नाही, आणि मी न्यायला आले तर मलाच परत पाठवील." तेव्हा रजेच्या अर्जात 'कौटुंबिक कारण' असे भारदस्त शब्द लिहून मी ताईबरोबर विमानात बसलो.

डंडी हे टे नदीच्या मुखावरचे शहर. एकोणिसाव्या शतकात बंगालचा ताग जहाजांतून इथे उतरे आणि त्याचे तरट होऊन जगभर जाई. ते युग केव्हाच संपले. त्या गिरण्यांपैकी काहींत आता लोक बिऱ्हाडे करून राहतात. भाचीचे घर मात्र शहराच्या कडेच्या वस्तीत, पुढे वीतभर हिरवळ, मागे त्याहून जरा मोठी, आणि शेजारच्या घराच्या व तिच्या मधोमध छातीएवढे उंच, हातभर जाड असे एक कुंपण.

निघण्यापूर्वी भाची म्हणाली होती, "आई, आत्ता ये, आमचा बीच बघण्यासारखा झालाय." ताईने त्या भरवशावर पिशवीत रबरी चपला आणि वाळूत बसायला जुनी चादर घेतली होती. पहिल्या सकाळी खिडकीचा पडदा सारून भाचीने "हा बघ बीच" म्हणून कुंपणाकडे बोट दाखवले, तेव्हा ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "चादर उगीच आणली."

बीच हे झाडाचे नाव. आपल्याकडे ते नाही, म्हणून त्याला मराठी नावही नाही. माझ्यातला मास्तर मात्र नावावरच अडला. इंग्रजीतला 'बीच' आणि 'बुक' हे शब्द एकाच मुळाचे, असे जुने भाषापंडित सांगत आले; जर्मनीत झाड 'बूखे' आणि पुस्तक 'बूख'. अलीकडच्या काही पंडितांना हे मान्य नाही. मी आपला तेवढ्यापुरता जुन्यांच्या पंगतीला बसतो, कारण तिथलाच 'बर्च' हा आपल्या भूर्जाचा चुलतभाऊ आहे, आणि भूर्जावर तर आपण पोथ्याच लिहिल्या. असो. ताई खिडकीत उभी होती आणि मी तिला व्युत्पत्ती सांगत होतो, यावरून माझ्याबरोबर प्रवास करणे कसे असते याची कल्पना यावी.

कुंपण पिवळे होते म्हणावे तर तसेही नव्हते. आतल्या, सावलीतल्या पानांत अजून हिरवेपणा होता. त्यावर हळदीचा थर, त्यावर खारकेचा, आणि जिथे दिवसभर ऊन लागे त्या वरच्या कडेला चिंचेने घासून उन्हात ठेवलेल्या बंबाचा रंग. रंग एका पानातही सरळ नव्हता: कडेने तांबूस, शिरेजवळ हिरवा. सकाळी त्यावर दव असे आणि नवाच्या सुमारास तिरपे ऊन आले की सगळी भिंत आतून पेटल्यासारखी दिसे. तिथले ऊनही जपून वापरल्यासारखे असते. आपल्या मध्यान्हीच्या उन्हात हे रंग निम्मे विटले असते असे वाटते.

आम्ही पोचून चार दिवस झाले नाहीत तोच 'बाबेट' नावाचे वादळ आले. १९ ऑक्टोबरला अँगस परगण्यासाठी हवामानखात्याचा तांबडा इशारा होता. तांबडा म्हणजे जिवाला धोका. उत्तरेकडच्या ब्रीकिन गावात नदी संरक्षक बांध ओलांडून घरांत शिरली. आम्ही दोन दिवस काचेआड बसून आडवा पाऊस पाहत होतो. साताऱ्याच्या पावसात वाढलेली ताईसुद्धा म्हणाली, "हा काही बरा दिसत नाही." तिसऱ्या दिवशी बाहेर पडलो तर रस्त्यावरचे बर्च, चेरी, रोवन असे उघडे झाले होते, जणू कुणी त्यांच्या अंगावरचे धोतर ओढून नेले. गटारांत लाल-पिवळा चिखल. आणि भाचीचे कुंपण जसेच्या तसे! चारदोन पाने गळाली असतील तर असोत. ताईने जवळ जाऊन एक वाळके, तपकिरी पान चिमटीत धरून ओढले. पान मेलेले होते, पण देठ सुटेना. जरा जोर केल्यावर ते मधोमध फाटले आणि अर्धे फांदीलाच राहिले.

"मेलंय तरी सोडत नाही," ती म्हणाली.

कुंपणापलीकडून शेजारच्या आजोबांची टोपी दिसली. शाळामास्तर होते, आता ऐंशीच्या घरात. मास्तरकी निवृत्त होत नाही हे मला तिथेही दिसले. मी विचारले मात्र, त्यांनी कुंपणाच्या कडेला हात ठेवून तासच सुरू केला, आणि मी ताईसाठी दुभाष्याचे काम करू लागलो.

पान गळते असे आपण म्हणतो. खरे तर ते गाळले जाते. दिवस आखडू लागले की झाड पानातले हिरवे द्रव्य मोडायला घेते आणि त्यातला नत्र फांदीत परत ओढून घेते. घर सोडण्यापूर्वी भांडीकुंडी हलवावीत तसे. हिरवे निघाले की त्याच्याखाली उन्हाळाभर झाकून राहिलेले पिवळे दिसू लागते. म्हणजे पिवळा रंग येत नाही, उरतो. लाल रंग काही झाडे शेवटच्या दिवसांत मुद्दाम तयार करतात. बीचचा तपकिरी रंग टॅनिनचा, चहाच्या कडक काढ्यातला. हे सारे आटोपल्यावर देठाच्या बुडाशी एक थर धरतो, पान आणि फांदी यांच्यातला व्यवहार बंद होतो, आणि पहिल्या वाऱ्याला पान जाते. पण बीच आणि हॉर्नबीम या दोन झाडांच्या कोवळ्या वयाच्या फांद्यांवर हा थर पुरता बसत नाही. पान मरते आणि तिथेच राहते. मोठा झालेला बीच रानात उभा असला तर त्याच्या वरच्या फांद्या रीतसर पाने गाळतात. खालच्या मात्र धरून बसतात. आणि कुंपणाला तर दरवर्षी कात्री लागते, त्यामुळे त्याचे वय वाढले तरी फांदी कोवळीच राहते. सारा हिवाळा, बर्फात, अंधारात ती सुकी पाने खुळखुळत असतात. एप्रिल-मेमध्ये कळी फुगून नवे पान बाहेर येऊ लागले की मग ती जुनी पाने सुटतात.

"म्हणूनच आम्ही हे लावतो," आजोबा म्हणाले. "पानझडी झाड आणि तरी बाराही महिने आडोसा."

त्यांनी आणि भाचीच्या घरात पूर्वी राहणाऱ्या शेजाऱ्याने मिळून हे लावले होते. निम्मी रोपे याची, निम्मी त्याची. हिवाळ्यात, झाड निजलेले असताना, मातीविना उघड्या मुळांची गुडघाभर काठी आणायची आणि दोन ओळींत, एकाआड एक, मीटरला पाच अशी रोवायची. छाटणी ऑगस्टच्या अखेरीस. आधी केली तर पाखरांची घरटी असतात, आणि नांदते घरटे मोडणे हा १९८१च्या कायद्याने गुन्हा आहे. छाटणी दोन्ही बाजूंची आजोबाच करतात. भाचीने एकदा "मी माझी बाजू करते" म्हटले, तर ते म्हणाले होते, "डॉक्टरीणबाई, मी तुमच्या रुग्णांना हात लावत नाही."

दोन दिवसांनी, २४ तारखेला, दसरा होता. आपटा डंडीत कुठून मिळणार? ताईने संध्याकाळी साडीवर भाचीचा जाड कोट चढवला, आजोबांची परवानगी मागवली आणि कुंपणाची पिवळी, अजून ओलसर अशी पाने निवडून निवडून खुडली. पहिले पान देवापुढे, मग भाचीला, मला. मग ती कुंपणाशी गेली आणि आजोबांच्या हातात एक पान ठेवून मराठीत म्हणाली, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." मी अर्थ सांगण्यापूर्वीच त्यांनी ते कोटाच्या वरच्या खिशात नीट बसवले. घरात आल्यावर ताई म्हणाली, "आपट्याला दोन पाळ्या असतात. याला एकच आहे. चालेल." पंधरा महिन्यांत तिने पहिल्यांदाच सण केला होता. आम्ही दोघे काही बोललो नाही.

त्यानंतर कुंपणे पाहत फिरण्याचा नादच आम्हाला लागला. त्या देशात एकदा कुंपणाकडे लक्ष गेले की दुसरे काही दिसत नाही. हॉर्नबीमचे पान लांबून बीचसारखेच. जवळून पाहिले तर कडेला करवतीचे दाते आणि शिरा खोल. बीचला पाणी साचणारी चिकणमाती सोसत नाही, हॉर्नबीमला चालते. पण त्याचा पिवळा लवकर मळतो, बीचसारखी तांब्याची झाक त्याला येत नाही. शेतांच्या बांधावर हॉथॉर्न, त्याला लाल फळांचे घोस. कुठे गेल्डर रोझ नावाची झुडपे कुंकवासारखी लाल. आणि मधूनमधून लेलँडी. हे दोन जातींच्या संकरातून वेल्समध्ये १८८८ साली निपजलेले सदाहरित झाड, वाढायला इतके अधाशी की दरवर्षी मीटरभर वर जाते. त्याच्याविषयी माझे मत वाईट झाले. त्याला ऋतूच नाही. हिरव्या रंगाने रंगवलेली सिमेंटची भिंत आणि ते यांत मला फरक करता येईना.

या लेलँडीने तिकडे शेजाऱ्याशेजाऱ्यांत इतकी भांडणे लावली की कायदे करावे लागले. इंग्लंडने २००३ साली केला, तो सदाहरित कुंपणांपुरता. स्कॉटलंडच्या संसदेने २०१३ साली केला, त्यात पानझडी कुंपणेही धरली. दोन मीटरपेक्षा उंच कुंपणाने शेजाऱ्याच्या घराला त्रास होत असेल तर त्याने स्थानिक कौन्सिलकडे दाद मागावी, आणि कौन्सिल कुंपण उतरवायला सांगू शकते. बांधावरून पिढ्यानपिढ्या कोर्टात जाणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये. नवल मला याचे वाटले की, हे ऐकल्यावर ताईचा चेहरा उतरला.

त्याचे कारण मला ठाऊक होते. साताऱ्याच्या घराला मेंदीचे कुंपण आहे. भाऊजींनी लावलेले. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी ते मोठी कात्री घेऊन ते कातरीत. दोरी बांधून, पाणसळ लावल्यासारखे. त्यांच्या आजारपणापासून कात्री बंद झाली. पंधरा महिन्यांत मेंदी डोक्यावर गेली, फाटकावर झुकली, रस्त्यावर आली. समोरचे म्हणतात साप येतात. कोपऱ्यावरून वळणाऱ्याला समोरची गाडी दिसत नाही. पुतण्याचे म्हणणे, काढून टाका आणि भिंत घाला, खर्च मी करतो. माळी दोनदा कात्री घेऊन आला आणि ताईने दोनदा त्याला चहा देऊन परत पाठवला. ती कुणाशी भांडली नाही. फक्त "राहू दे" म्हणाली. मी एकदा कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "अरे, तिला फुलं आलीत. इतकी वर्षं कातरत होते, कधी आलीच नव्हती. रात्री वास येतो."

तेव्हा कुंपणाची उंची हा विषय आमच्या घरात नाजूक होता.

कुंपण आणि सरकार यांचे म्हणाल तर इंग्रजांनी आपल्या देशातही एक कुंपण लावले होते, आणि ते शोभेचे नव्हते. मिठावरची जकात चुकवून कुणी मीठ आत आणू नये म्हणून सिंधूपासून खाली बुऱ्हाणपुराकडून महानदीपर्यंत दोन हजार मैलांहून लांब जकातरेषा आखली होती. तिच्या मोठ्या भागावर जिवंत काटेरी कुंपण उभे केले: बाभूळ, निवडुंग, आणि वाचकांस गंमत वाटेल, करवंद. पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूमसाहेब काही काळ या खात्याचे आयुक्त होते, आणि वाळक्या काट्यांच्या जागी जिवंत झाडे लावण्याचा उद्योग त्यांनीच जोराने केला. १८७९ साली ती रेषा मोडली. कुंपणाचा मागमूसही फारसा राहिला नाही. ज्याच्यासाठी कुणाला जीव नव्हता ते कोण राखणार?

जीव असलेले कुंपण आम्ही २८ तारखेला पाहिले. शनिवार होता, आणि कोजागरी. भाचीला सुटी होती. डंडीहून सिडलॉ टेकड्या ओलांडून कूपर अँगसकडे उतरलो. वादळाचे पाणी सखल शेतांतून अजून उभे होते आणि त्यात आभाळ पडले होते. हा सगळा मुलूख रासबेरीचा. उन्हाळ्यात इथे फळ तोडायला माणसे येतात. तिथून पश्चिमेला मिक्लूर नावाचे छोटेसे गाव आहे. त्याची इंग्रजी अक्षरे पाहिली तर उच्चार सुचणार नाही. चार घरे, एक खाणावळ, १६९८ सालचा दगडी बाजारखांब. पर्थहून ब्लेअरगाउरीला जाणारा मोठा रस्ता गावाच्या कडेने जातो. आम्ही त्या रस्त्याला लागलो आणि भाचीने गाडीचा वेग कमी केला.

मला प्रथम वाटले, पुढे डोंगराचा कडा आहे. उजेड एकदम पिवळा झाला. रस्त्याच्या एका बाजूला सोन्याची भिंत उभी होती आणि तिचे टोक पाहायला मला मान खिडकीबाहेर काढावी लागली. उंची सुमारे ३० मीटर, म्हणजे दहा मजली इमारत. लांबी ५३० मीटर. जगातले सर्वांत उंच कुंपण म्हणून त्याची नोंद आहे. जमिनीपासून शेंड्यापर्यंत पानेच पाने. मधे मधे करडे, गुळगुळीत, हत्तीच्या पायासारखे बुंधे, खांद्याला खांदा लावून उभे. आमच्या कुंपणाची पाने आणि ही पाने एकच, हे बुद्धीला कळत होते. डोळ्यांना पटत नव्हते. खालून जाणाऱ्या लाकडाच्या मालमोटारी काडेपेटीएवढ्या वाटत.

गाडी लावून आम्ही कडेकडेने चाललो. वाहने जोरात जातात. रमतगमत पाहण्याची ती जागा नव्हे. ताई शालीचा पदर धरून पुढे होती. एका माहितीफलकापाशी भाची थांबली आणि तिने आम्हाला गोष्ट सांगितली.

हे कुंपण १७४५ सालच्या पानगळीत लावले. लावणारी मिक्लूरची मालकीण जीन मर्सर आणि तिचा नवरा रॉबर्ट मरे नेर्न. आपल्याकडे तेव्हा शाहूमहाराज सातारच्या गादीवर होते आणि नानासाहेब पेशवे. स्कॉटलंडात त्याच वर्षी राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट आपल्या आजोबांचे गेलेले राज्य परत मिळवायला उतरला होता आणि सप्टेंबरात पर्थला येऊन पोचला होता. नेर्न त्याच्या बाजूला गेला. सांगतात की रोपे लावणारे गडीही गेले. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर तासाभराच्या आत सगळा निकाल लागला. राजपुत्र पळाला. नेर्न परत आला नाही. जीन घर सोडून एडिंबरोला निघून गेली, आणि कुंपण त्याच्या आठवणीसाठी वाढू दिले, अशी कथा आहे. कुणी म्हणतात, लावणारे स्वर्गात गेले म्हणून झाडे आभाळाकडे वाढतात.

मालकी पुढे नात्यागोत्यांतून लॅन्सडाउन घराण्यात गेली. १८८८ ते १८९४ या काळात आपल्याकडे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या आईचे हे माहेर. गढवालातले लॅन्सडाउन गाव यांच्याच नावाचे. म्हणजे इथेही आपला धागा निघालाच.

मी जरा मास्तरी केली. म्हटले, "झाडाला वाढायला कुणाची आठवण लागत नाही. बीच कातरला नाही तर तीस मीटर जातोच. शिवाय हे झाड मूळचे स्कॉटलंडचे नव्हेच. दक्षिण इंग्लंडातून इकडे आणून लावलेले." भाचीने डोळे वटारले. ताईने माझ्याकडे लक्षच दिले नाही. ती वर पाहत होती.

"पार्वतीबाईंसारखं," ती म्हणाली.

पानिपताहून भाऊसाहेब परतले नाहीत, पण पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत, म्हणजे १७८३पर्यंत, कुंकू पुसले नाही, ही गोष्ट आमच्या आईने आम्हाला लहानपणी सांगितली होती. मला ती त्या रस्त्यावर आठवली नसती.

"मग तेव्हापासून कुणी हात लावला नाही याला?" ताईने विचारले.

"लावतात की," भाची म्हणाली. "साधारण दहा वर्षांनी एकदा कापतात. मोजतात पण तेव्हाच. मध्ये बराच खंड पडला होता, जवळजवळ वीस वर्षांचा. मग २०१९ मध्ये कापलं. यंत्राच्या पाळण्यात माणसं बसून वर जातात. रस्त्यावरची रहदारी आवरावी लागते."

"कापतात?"

"नाही कापलं तर कुंपण कसलं राहील, आई? रस्त्यावर फांद्या येतील, खालची पानं विरळ होतील. नुसती झाडांची रांग होईल ती."

ताई पुढे गेली. रस्त्याकडची बाजू वरपासून खालपर्यंत सपाट होती. तिथे हात फिरवावा तशी पाने दाट. तिने मधल्या फटीतून आत डोकावून पाहिले. आत, पलीकडे, सावली होती. फांद्या वाटेल तशा वाढलेल्या, बुंध्यांच्या मधून शेतातला उजेड. ती बराच वेळ तशी वाकून उभी होती. मग तिने खाली पडलेले एक पान उचलले, पिशवीतल्या डायरीत घातले आणि म्हणाली, "चला. दूध आटवायचंय."

त्या रात्री डंडीच्या आभाळात ढग होते. चंद्र मधूनमधून दिसे. आम्ही चौघे (आजोबांना बोलावले होते) मागच्या दाराशी कोट घालून उभे राहिलो आणि केशराचे दूध प्यालो. आजोबांनी दोनदा मागून घेतले. कुंपण अंधारात काळे दिसत होते, पण वारा आला की सुक्या पानांचा आवाज येई, कुणी दूर पत्त्यांचा डाव पिसावा तसा. कोजागरीला पानांचा असा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. 'शरद' आणि 'ऑटम' एकाच रात्री एकाच अंगणात होते आणि त्यांचे एकमेकांवाचून काही अडत नव्हते. वर्गात मी आता दोन्ही शब्द ठेवतो; मुलांनी कोणताही लिहावा.

दुसऱ्या दिवशी उशिरा उठलो. स्वयंपाकघरातून ताईचा आवाज येत होता. साताऱ्यास तेव्हा दुपार झाली असावी. पलीकडे माळी होता.

"रस्त्याच्या बाजूनं घे. सरळ घे, दोरी लावून. कोपऱ्यावर गाडी दिसली पाहिजे. ... हो, फाटकावरचंही. ... नाही, भिंत नाही घालायची, पुतण्याला मी सांगते. ... आतल्या बाजूला हात लावू नकोस. फुलं आहेत ती राहू देत."

पलीकडून काही विचारले गेले.

"वरून?" ताई थांबली. "वरून किती ते मी आल्यावर दाखवीन. तोवर कात्रीला धार लावून आण. त्यांची कात्री माळ्यावर आहे, ती घे. तुझी नको."